पिल्लू नको, शेल्टरमधला मोठा कुत्रा आणा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचे दोन आदेश आले. ११ तारखेला सांगितलं गेलं की दिल्ली-एनसीआरमधले सगळे भटके कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवा, आणि २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ते बदलून सांगितलं की नसबंदी, जंताचं औषध आणि लस देऊन कुत्रे जिथून आणले तिथेच परत सोडा, फक्त पिसाळलेले आणि आक्रमक सोडू नका. तेव्हापासून आपल्या नाशिकच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी भांडणं सुरू झालीत ती काही थांबत नाहीयेत. एक गट म्हणतो सगळे उचला, दुसरा म्हणतो हात लावू नका. पण त्याच २२ तारखेच्या आदेशात आणखी एक मुद्दा होता ज्याच्याबद्दल दोन्हीकडचं कुणीच बोलत नाही, की ज्याला इच्छा आहे त्याने महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यावा आणि तो परत रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याची. मला त्या मुद्द्यावर बोलायचंय, आणि खास करून मोठ्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांबद्दल, कारण पिल्लू घ्या म्हणून कुणाला सांगावं लागत नाही.

नाशिकच्या आसपासच्या कुठल्याही शेल्टरमध्ये रविवारी सकाळी जाऊन थोडा वेळ थांबा. गाडीतून अख्खं कुटुंब उतरतं, मुलं पुढे पळतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पिल्लं कुठेत?" पिल्लं असली तर ती जातात, त्यातही नर आधी जातो, मादी मागे राहते. बाकीच्या पिंजऱ्यांसमोरून लोक "बिच्चारे" म्हणत पुढे निघतात. ज्याच्यासमोर कुणी थांबत नाही तो कुत्रा चार वर्षांचा असतो, सहा वर्षांचा असतो, त्याची नसबंदी झालेली, रेबीजची लस झालेली, पट्ट्याला सवय झालेली, माणसाचा हात डोक्यावर आला की डोळे मिटणारा. आणि तो तिथेच राहतो, वर्षानुवर्षं.

यात नुकसान त्या एकट्याचं नाही. शेल्टर म्हणजे मोजके पिंजरे, मोजकी माणसं, देणगीवर चाललेली औषधं आणि खिचडीची मोठी पातेली. पाच वर्षांचा गावठी कुत्रा, त्याला नीट खाऊपिऊ घातलं तर अजून सात-आठ वर्षं आरामात जगतो, म्हणजे तेवढी वर्षं ती एक जागा गेली. मग मुंबई-आग्रा हायवेवर गाडीने उडवलेल्या कुत्र्यासाठी कुणीतरी रात्री अकराला फोन करतो, शेल्टरवाले सांगतात जागा नाही, आणि फोन करणारा त्यांनाच दगडाच्या काळजाचे म्हणून मोकळा होतो. नवीन शेल्टर बांधलं तरी ते भरायला वेळ लागत नाही. जागा खरी मोकळी होते ती मोठे कुत्रे घरात गेले तर. आणि आता हा दबाव वाढणारच आहे, कारण ७ नोव्हेंबर २०२५ ला कोर्टाने शाळा, हॉस्पिटलं, क्रीडा संकुलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा आवारांतले कुत्रे हलवून शेल्टरमध्ये ठेवा, परत तिथे सोडू नका असं सांगितलंय. हे कुत्रे काही पिल्लं नाहीत, वर्षानुवर्षं त्या आवारात राहिलेले, तिथल्या वॉचमनला आणि चहावाल्याला ओळखणारे मोठे कुत्रे आहेत.

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करतो, दत्तक घेऊन भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुटेल असं मी म्हणत नाहीये. २०१९ च्या पशुगणनेत एकट्या महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटके कुत्रे मोजले गेलेत, एवढी घरं कुठून आणणार. त्याला नसबंदी आणि लसीकरणच लागतं, २०२३ चे एबीसी नियम, म्हणजे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम, तेच सांगतात, आणि ते काम महापालिकेने सातत्याने केलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की ज्या घराने कुत्रा आणायचं ठरवलंच आहे, त्या घराने पिल्लाच्या मागे न लागता मोठा कुत्रा आणावा.

शेल्टरमधले हे मोठे कुत्रे येतात कुठून ते बघा. काही रस्त्यावरचेच, अपघातात पाय गेलेला, एक डोळा गेलेला, किंवा ट्युमरवर इलाज करून बरा झालेला. रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये संभोगातून पसरणारा एक ट्युमर असतो, दिसायला भयानक दिसतो, पण विनक्रिस्टीन या कॅन्सरवरच्या औषधाची इंजेक्शनं दर आठवड्याला दिली की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात, तरी "याला कॅन्सर होता" एवढं ऐकून लोक लांब सरकतात. पण जे बघून सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते घरातून आलेले. लॅब, जर्मन शेफर्ड, पामेरियन, मधेच एखादा बर्फाळ प्रदेशातला हस्की, ज्याला मे महिन्यात चाळीस डिग्रीच्या नाशकात आणायचं कुणाला सुचलं देव जाणे. कॉलेज रोड, गंगापूर रोडला जुने बंगले पाडून टॉवर झाले, भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नाही म्हणून सोडला. मुलगा पुण्याला गेला, मुलगी बाहेरच्या देशात गेली, ज्यांच्या हट्टासाठी आणला होता तेच घरात नाहीत. घरातले आजोबा वारले आणि त्यांचा कुत्रा दुसऱ्या कुणाला नको होता. किंवा नुसतं एवढंच, की तो म्हातारा झाला, घरात शू करायला लागला. काही जण निदान शेल्टरच्या दारापर्यंत तरी येतात, काही जण त्र्यंबक रोडला किंवा धरणाच्या बाजूला गाडीचं दार उघडून कुत्र्याला खाली उतरवतात आणि निघून जातात. आयुष्यभर वाटीत खाल्लेलं जनावर कचरा कुंडीतून खायला शिकत नाही. उपाशी मरेल अशा परिस्थितीत जनावराला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळेला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात आज दोघांचा धड नाश्ता पण होत नाही. हा कायदा बदलायलाच हवा, पण तोपर्यंत त्या कुत्र्याचं काय, हा प्रश्न आपल्यासमोर उरतोच.

आता पिल्लाबद्दल. पिल्लू गोड असतं हे कोण नाकारेल, पण ते गोड दिसणं तीन-चार महिन्यांचं असतं आणि पुढची बारा-तेरा वर्षं त्याच्यावर ठरवून टाकतात लोक. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, रात्रीही. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून नवे येतात तेव्हा चप्पल, सोफा, चार्जर काहीही चावतं. लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात, आणि त्या पूर्ण व्हायच्या आत पार्वो हा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार झाला तर चार दिवस सलाईनवर काढूनही पिल्लू हातातून जातं. मग येतो सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ, वयात यायचा. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की साधारण आठव्या महिन्यात कुत्रे आपल्याच माणसाचं ऐकणं कमी करतात, अनोळखी माणसाचं ऐकतील पण त्याचं नाही, आणि पुढे ते परत सुधारतं. पण तेवढी वाट बघायला लोकांना सवड नसते, दिवाळीत वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून आणलेलं पिल्लू पुढच्या गणपतीपर्यंत "आवरत नाही" म्हणून शेल्टरच्या दारात. म्हणजे आज ज्या मोठ्या कुत्र्याकडे कुणी बघत नाही तो बऱ्याच वेळा काल कुणीतरी हौसेने आणलेलं पिल्लूच होता. पिल्लांची ही मागणीच शेल्टर भरतेय.

मोठ्या कुत्र्याचं तसं नसतं. तो केवढा होणार हे समोर दिसतं. तो भुंकतो किती, मांजर बघून काय करतो, लहान मुलांपाशी कसा वागतो, गाडीत बसतो का, एकटा राहतो का, हे सगळं शेल्टरमधला रोज खायला घालणारा माणूस तुम्हाला सांगू शकतो. पिल्लाबद्दल हे ब्रह्मदेवसुद्धा सांगू शकणार नाही. बाहेर जाऊन शू करायची हे मोठ्या कुत्र्याला बऱ्याचदा आधीच माहीत असतं, नसलं तरी तो दाबून ठेवू शकतो त्यामुळे आठ-पंधरा दिवसांत शिकतो. आणि गावठी असेल तर अजून एक गोष्ट लक्षात घ्या, आयसर कोलकाता या विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यातली फक्त १९ टक्के पिल्लं वयात येईपर्यंत जगली. म्हणजे रस्त्यावर मोठा झालेला प्रत्येक कुत्रा हा मोठ्या चाळणीतून खाली आलेला आहे. उन्हात, पावसात, डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत टिकलेला. त्याला एसी लागत नाही, इम्पोर्टेड खाणं लागत नाही. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, तो कुत्रा काही लॅब नव्हता.

लोक म्हणतात मोठा कुत्रा जीव लावत नाही, लहानपणापासून वाढवला तरच आपला होतो. हे खरं नाही एवढंच सांगतो, याच्यावर जास्त काय लिहायचं. मुंबईत टाटांच्या बॉम्बे हाऊस या मुख्यालयात रस्त्यावरचे मोठे कुत्रे येऊन राहिले, २०१८ ला इमारतीचं काम झालं तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी खोलीच केली, ते सगळे कुणाच्या मांडीवर वाढले होते? वेळ मात्र द्यावा लागतो. शेल्टरवाले एक साधा हिशोब सांगतात, पहिले तीन दिवस तो भेदरलेला असतो, कदाचित जेवणार नाही, पलंगाखालून निघणार नाही, तीन आठवड्यांत घराची वेळ कळते, तीन महिन्यांनी त्याचा खरा स्वभाव दिसतो. पहिल्या आठवड्यातच पाहुणे बोलावून "बघा आमचा नवा मेंबर" करू नका, त्याला एक कोपरा द्या, गोधडी द्या आणि शांत राहू द्या. कुत्रा परत येतो तो बहुतेक वेळा याच पहिल्या दिवसांत, लोक घाबरतात आणि परत आणून सोडतात, आणि दोनदा परत आलेला कुत्रा तिसऱ्यांदा माणसाजवळ लवकर येत नाही.

आता खरी अडचण, पैसे आणि आजारपण. याच्याबद्दल रेस्क्यूवाल्यांनी पण खरं बोललं पाहिजे, म्हणून मी बोलतो. सात वर्षांपुढचा कुत्रा म्हातारा धरतात, मोठ्या जातीचा त्याच्याही आधी, ग्रेट डेन तर आठ-नऊ वर्षंच जगतो. म्हातारपणी सांधे दुखतात, दात किडतात, मोतीबिंदू होतो, किडनी कमजोर होते, मादीची नसबंदी झालेली नसेल तर गर्भाशयात पू होतो आणि तो जिवावर बेततो. वर्षातून दोनदा रक्ततपासणी करावी, लस चालू ठेवावी, गोचीड बघत राहावं कारण गोचिडीतून होणारा टिक फिव्हर आपल्याकडे कुठल्याही वयात होतो. खर्च येतो, नाही कसा येणार. पण पहिल्या वर्षी पिल्लालाही लसी, नसबंदी, आजारपणं आणि फाडलेल्या वस्तू धरून कमी लागत नाही, फरक इतकाच की तिथे आपण मोजत नाही. आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या बऱ्याच तक्रारी घरातच हलक्या होतात, फरशीवर पाय घसरतो तर चटई टाका, भांडं उंचावर ठेवा, थंडीत खाली पोतं किंवा जाड सतरंजी द्या, दोन लांब फेऱ्यांऐवजी चार छोट्या मारा. फक्त स्वतःच्या मनाने माणसांची पेनकिलर देऊ नका, आयब्रुफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला विषासारखे भिनू शकतात, डॉक्टर देतात ती वेगळी औषधं असतात.

मग ते शेवटचं, जे लोक तोंडाने पटकन बोलत नाहीत: "दोन-तीन वर्षांत जाईल, मग आम्हाला त्रास होईल." मी हे समजू शकतो, कुत्रा गेल्यावर घर किती मोकळं वाटतं हे ज्याने पाळलाय त्यालाच कळतं. पण पिल्लू आणलं तरी ते आपल्या आधीच जाणार असतं, तेरा वर्षांनी जाईल तेव्हा त्रास कमी होतो असं कुणी पाळणाऱ्याने मला सांगितलेलं नाही. आणि हा विचार करताना आपण सगळं आपल्या बाजूने मोजतो. दहा वर्षांचा कुत्रा, ज्याने घर बघितलं होतं आणि मग ते गेलं, त्याच्यासाठी ती दोन वर्षं म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य आहे, ते सिमेंटच्या ओट्यावर पन्नास कुत्र्यांच्या गोंगाटात जाणार की कुणाच्या तरी पायापाशी, एवढाच फरक, आणि तो करणं आपल्या हातात आहे.

मला सगळ्यात जास्त हे ज्यांना सांगायचंय ते म्हणजे नाशिकचे रिटायर्ड लोक. आपलं शहर तसं निवृत्तांचं आवडतं, मुंबईहून कितीतरी जण हवेसाठी इकडे येऊन राहिलेत. पहाटे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर बघा, साठी-सत्तरीचे काका-काकू जोडीने फिरतात, मुलं बाहेर, घर रिकामं. त्यांना कुत्रा हवा असतो पण मनात येतं, आता या वयात पिल्लू आणलं तर ते आमच्या मागे राहील त्याचं कोण बघणार. त्यांचा विचार अगदी बरोबर आहे. पण त्याचं उत्तर कुत्रा न आणणं हे कसं असेल? आठ-नऊ वर्षांचा, शांत, दिवसातून सोळा तास झोपणारा, पट्टा न ओढणारा कुत्रा हा त्यांच्यासाठीच आहे. आमच्या ओळखीतल्या इंदिरानगरच्या एका जोडप्याने अशीच नऊ वर्षांची लॅब मादी आणली, मालक परदेशात गेले म्हणून शेल्टरला आलेली, पाठीमागचे पाय धरलेले. काकांचे गुडघे पण धरलेले, दोघं हळूहळू चालतात, कोपऱ्यावरच्या बाकावर बसतात, परत येतात. काकू म्हणतात की आधी हे दिवसभर टीव्हीसमोर असायचे. आणि शेल्टरवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, फॉर्मवर वय ६८ दिसलं की नाही म्हणू नका. त्यांच्याकडून लिहून घ्या की काही झालं तर कोण सांभाळेल, किंवा परत तुमच्याकडे येईल, आणि द्या.

रेस्क्यू करणाऱ्यांचं काम मी जवळून बघतो, ही माणसं पगाराचे पैसे घालतात, घरच्यांची बोलणी खातात, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. पण दोन गोष्टी त्यांनी बदलाव्यात. एक, सारख्या रडक्या पोस्ट. दया येऊन घेतलेला कुत्रा दया संपली की जड होतो. त्यापेक्षा त्याचा स्वभाव लिहा, वय अंदाजे किती, वजन किती, कुत्र्यांशी जमतं की नाही, रोज औषध कुठलं आणि महिन्याला त्याचा खर्च काय. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, चावण्याची हिस्ट्री लपवू नका. एखादा कुत्रा कुणाला चावलेला असेल तर ते घेणाऱ्याला सांगितलंच पाहिजे, कारण रेबीजने जगात जेवढी माणसं मरतात त्यातली ३६ टक्के भारतात मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि अशा देशात लोकांच्या मनातली भीती खोटी नाही. एका लपवलेल्या गोष्टीमुळे त्या सोसायटीत पुढची दहा वर्षं कुणी शेल्टरचा कुत्रा आणणार नाही. घ्यायच्या आधी पंधरा दिवस फॉस्टर म्हणून घरी ठेवायची सोय ठेवा, नाही जमलं तर परत घेताना त्या माणसाला अपराधी करू नका.

सगळ्यांनी घ्यावा असंही नाही. घरात रांगतं मूल असेल आणि कुत्र्याला दुखणं असेल तर थांबा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर तीस किलोचा म्हातारा लॅब आणू नका, आजारी पडला तर त्याला उचलून चार जिने कोण उतरवणार. दोघंही सकाळी आठला अंबड-सातपूरला कंपनीत जाऊन रात्री आठला येणारे असाल तर म्हातारा कुत्रा चालणार नाही, तरुण पण नाही चालणार, पिल्लू तर मुळीच नाही. सोसायटीने अडवलं तर घाबरू नका, कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही हे अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ च्या सूचनांमध्ये स्वच्छ सांगितलंय. फक्त लसीचं कार्ड, नसबंदीचा दाखला जवळ ठेवा आणि खाली केलेली घाण स्वतः उचला, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

महापालिकेकडून फार मोठं काही मागत नाहीये. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर रस्ते खोदणं चालू आहे, घाटांची कामं चालू आहेत, लाखो लोक येणार म्हटल्यावर कुत्र्यांचा विषय निघणारच, आणि तो निघेल तेव्हा घाईघाईत उचलून कुठेतरी कोंबण्यापेक्षा आत्तापासून जागा मोकळी करायला लागा. पाच वर्षांवरचा कुत्रा शेल्टरमधून घेणाऱ्याला परवान्याची फी माफ करा. त्याची वर्षाची रेबीजची लस महापालिकेने फुकट टोचावी. २२ ऑगस्टच्या आदेशात म्हटलेला दत्तकाचा अर्ज कुठे मिळतो, कुणाकडे द्यायचा, हे प्रत्येक विभागीय कार्यालयात मराठीत बोर्डावर लिहा. आणि महिन्यातून एक रविवार शेल्टरवाल्यांना मैदान द्या, फक्त मोठ्या कुत्र्यांच्या शिबिरासाठी, तिथे डॉक्टर बसवा, लोकांना कुत्र्याबरोबर अर्धा तास फिरू द्या. त्या शिबिरात पिल्लं आणायची नाहीत, एकही नाही, कारण एक पिल्लू दिसलं की सगळी गर्दी तिकडेच जाते.